तेविसावी सरी

१२ नोव्हेंबर १९३४, कोऱ्हाळे बुद्रुक

दिवाळी संपली. डबे रिकामे, डोकंही रिकामं. मार्चला चार महिने उरले. मॅट्रिकची ही तिसरी खेप. दोन्ही वेळा बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत आडवा. गणितात वर्गात दुसरा येणारा मी, 'ए' आणि 'द' पुढं गुडघे टेकतो. लाज वाटते.

आबा आज पुन्हा बोलले. रागानं नाही, भाकरी मोडता मोडता. "औंदाची शेवटची बग, किसन. न्हाय झालं तर खोरं हाय, बैलं हायती." मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पास झालो तर बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकुनी मिळेल. तिथल्याच माझ्या इंग्रजीच्या मास्तरांनी कचेरीत शब्द टाकलाय. कचेरीवाले जूनपर्यंत जागा ठेवतो म्हणालेत.

गावात मला आता नावानं कुणी हाकच मारत नाही. 'ए इंग्रजी!' म्हणतात.

१५ नोव्हेंबर

पाटाचं पाणी आलं. दिवसभर दारं धरली. हात भरून आलेत, अक्षर वेडंवाकडं येतंय.

पण आज इंग्रजी व्याकरणाचे अडतीसच्या अडतीस नियम आले! एकही चुकला नाही. ही युक्ती मास्तरांना अजून सांगितलेली नाही, हसतील म्हणून. जूनमध्ये नापासाचं कळलं त्या आठवड्यात सापडली. मी पाटाच्या कडेला उभा, एका सरीचं तोंड खोऱ्यानं फोडतो. पाणी उसातून पलीकडच्या टोकाला पोचलं की तिथं उभे असलेले आबा ओरडतात, "आली रं!" मग ते दार बुजवायचं, पुढचं फोडायचं. एक सरी भरेपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात एक नियम. मोठ्यांदा, उदाहरणांसकट. मनात म्हटलेलं माझ्या डोक्यात राहत नाही.

सरी १, वारुळाजवळची: 'ए', 'अ‍ॅन', 'द'. सरी ९, जिथला ऊस वाकडा झालाय: 'इफ'च्या मागं 'विल' नको. सरी १७, टिटवीची अंडी होती ती: 'नो सूनर' आलं की 'दॅन' आणायचं. तिथं जाऊन उभं राहिलं की नियम आपोआप तोंडात येतो. वहीत हेच नियम वाचले की सगळे सारखेच दिसतात.

सऱ्या एकोणचाळीस, नियम अडतीस. तेविसावीला नियम नाही. तिच्यात घुशीचं बीळ आहे, अर्धं पाणी पिऊन टाकतं, भरायला दुप्पट वेळ. तिथं मी नुसता बोलतो, मराठीत. "एकदाचा पास होऊ दे, ह्या चिखलाकडं वळूनसुद्धा बघणार नाही." हेच, पुन्हा पुन्हा, पाणी पोचेपर्यंत. बरं वाटतं. मग चोविसावीला 'लेस्ट' आणि 'शुड' ठणठणीत येतात.

२३ नोव्हेंबर

देवळात गुऱ्हाळाच्या चिठ्ठ्या निघाल्या. गुऱ्हाळ तात्यांचं, म्हणजे आबांच्या चुलतभावाचं. पण ऊस गाळायचा चरक आणि रस आटवायची काहील एकच, म्हणून दरवर्षी कुणाचा ऊस कधी गाळायचा ते चिठ्ठीनं ठरतं. आमची चिठ्ठी मीच उचलली. सातवी. म्हणजे फेब्रुवारीची सुरुवात. आबांना पसंत पडली, मला तर फारच. गुऱ्हाळाची धावपळ आधीच उरकेल आणि परीक्षेआधी महिनाभर मोकळा!

नशीब जरा हललंय असं वाटतं.

४ डिसेंबर

सायकलवर बारामती. मास्तरांनी 'चुकांची वही' तपासली. डावीकडं आपली चूक, उजवीकडं बरोबर वाक्य, खाली तारीख. तीच चूक तिसऱ्यांदा झाली की लाल शाई. माझी वही दुरून बघितली तर कुंकवाची पुडी सांडल्यासारखी दिसते. मास्तर म्हणाले, "रोज सकाळी फक्त लाल ओळी वाचायच्या. संक्रांतीनंतर नवं पुस्तक हातात दिसलं तर नदीत टाकीन."

शिवाय तीन पत्रं पाठ करायची. वडिलांना, मित्राला, हेडमास्तरांना. पेपरात यांपैकी एक येतंच. "स्वल्पविरामासकट तोंडपाठ कर. आपलं डोकं चालवायचं नाही. डोकं चाललं की तू चुकतोस."

वडिलांचं पत्र मास्तरांनीच लिहून दिलं. आपल्या आशीर्वादाने प्रकृती उत्तम आहे, अभ्यास समाधानकारक आहे, उच्च विद्या संपादन करून देशसेवा करण्याचा मानस आहे, वगैरे. आबांना असं पत्र गेलं तर ते पत्ता चुकला म्हणून पोस्टात परत देतील. मुळात वाचायला येत नाही त्यांना.

१९ डिसेंबर

थंडी. हात उकलले. पाण्याच्या पाळीला पुन्हा अडतीस नियम. घसा बसला. आई म्हणते, "उसाला शिव्या देतूस का काय? पार वस्तीपत्तुर ऐकू येतंय." आबा अशात माझ्याशी कमीच बोलतात.

झोप नीट लागत नाही. पास झाल्याचं स्वप्न पडलं की जास्तच घाबरतो.

६ जानेवारी १९३५

मूर्ख. मी मूर्ख.

मास्तरांनी तोंडी वीस प्रश्न विचारले. अठरा बरोबर. मास्तर खूश. मग म्हणाले, "हात काय हलवतोस रे मधून मधून?" कळलंच नव्हतं मला. मी बसल्या जागी खोरं मारत होतो! मग सांगावंच लागलं. सऱ्या, दारं, वारूळ, वाकडा ऊस, सगळं. तेविसावी सोडून. मास्तर हसले नाहीत. उलट म्हणाले, वा. चष्मा पुसला. मग विचारलं, "आणि ऊस कधी तोडणार?"

मी म्हटलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

"परीक्षा?"

मार्च.

शेतकऱ्याचा पोरगा मी. ऊस तोडतात हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

८ जानेवारी

वाकडा ऊस नसला तर 'इफ' कुठं ठेवू? वहीत बघून बसल्या बसल्या म्हणायचा प्रयत्न केला. अकराव्या नियमाच्या पुढं गाडी जाईना. शेतात जाऊन आलो. सगळे आले.

११ जानेवारी

तात्यांकडं गेलो. म्हटलं, आमची पाळी शेवटची केली तर चालेल का? तोवर परीक्षा होऊन जाईल, हा मनातला हिशोब. 'परीक्षा' हा शब्द मात्र उच्चारला नाही. तात्या आबांना दादा म्हणतात. म्हणाले, "दादाला चालंल का? त्योच म्हनला का?" मी मान हलवली. होय पण नाही आणि नाही पण नाही, अशी. तात्यांनी होय धरली. शेवटचा नंबर ज्यांचा त्यांना तर आनंदच झाला.

खोटं तोंडानं बोललो नाही, पण मानेनं बोललो. संक्रांतीचा तिळगूळ घशाखाली उतरायचा नाही.

२१ जानेवारी

कळलं. कळणारच होतं. आबा गुऱ्हाळावर काकवी आणायला गेले आणि तात्यांनी सहज विषय काढला.

घरी येऊन त्यांनी काकवीचं मडकं खाली ठेवलं, डोक्याचं मुंडासं सोडलं, परत बांधलं. मग शांतपणे म्हणाले, "तुरा आलाय उसाला. फागुनापत्तुर उभा ठिवला तर निस्ती चिपाडं गाळायची का?"

मी सांगून टाकलं सगळं. उसावर नियम कसे बांधलेत ते. ऊस गेला तर नियम जातील, नियम गेले तर परीक्षा जाईल. आई तोंडाला पदर लावून हसत होती, का रडत होती, देव जाणे. आबा म्हणाले, "म्हंजी तुझ्या इंग्रजीसाटनं समद्या घराचा ऊस वाळवायचा?" मला राग आला. म्हटलं, तुम्हांला माझं काही पडलेलंच नाही. आत्तापर्यंत कधी एका शब्दानं विचारलंत, काय वाचतोस म्हणून?

आबा उठले, तात्यांकडं गेले, पुन्हा सातवी पाळी करून आले.

ऊस घराचा आहे, हे मलाही कळतं. कळतं म्हणून तर जास्त चीड येते.

५ फेब्रुवारी

तोड सुरू. कोयता माझ्याही हातात. एकेका सरीला शेवटचा नियम म्हणून तोडत गेलो. वाकडा ऊस मी स्वतः तोडला. एका घावात आला. चरकाला बैल फिरतायत, चुलवणाचा धूर गावभर, येणाऱ्या-जाणाऱ्याला काकवी. सगळे खुशीत. मला उकळत्या रसावरची मळी काढायला बसवलं. काहिलीत आपलं व्याकरण उकळतंय असं वाटत राहिलं.

गूळ मात्र उत्तम पडला. पिवळाधमक. आबा बरोबर होते, हेही लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी

बारामती. मास्तरांनी वीस विचारले. सात. फक्त सात! डोळे मिटले की नुसतं मोकळं रान दिसतं. 'लेस्ट' गेला, 'नो सूनर' गेला. मास्तर म्हणाले, "नवं डोकं आणता येत नाही, आता लाल ओळींवर भर दे." लाल ओळी वाचतो. सकाळी वाचतो, दुपारी जातात.

२० फेब्रुवारी, अंथुर्णे

थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं आलो. तिच्या घरचा ऊस अजून उभा आहे. पहाटे दाजींच्या आधी शेतात जाऊन सऱ्या मोजल्या, तोंडाशी उभा राहून म्हणू लागलो. काही येईना. परक्या उसाला माझं काय! अक्का मागनं आली. "येडा झालास व्हय रं? घरी जा. तिकडं आबा काळजी करत असत्याल."

मी म्हटलं, आबा? काळजी?

ती म्हणाली, "तुला काय ठावं!" आणि भाकरी बांधून दिली.

२७ फेब्रुवारी

खोडव्याला, म्हणजे त्याच खोडक्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पहिलं पाणी. आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

पाचट जाळून झालेलं. सऱ्या तशाच, पण ऊस नाही. नुसती काळी खोडकी. दारं धरायला उभा राहिलो आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा समोर बघितलं तर पलीकडच्या टोकाला आबा दिसले. खोऱ्यावर रेलून, लहानसे. इतके दिवस उसामुळं ते दिसतच नव्हते, फक्त हाक यायची.

पहिलं दार फोडलं. तोंड उघडलं नाही माझं. पाणी पोचलं. आबा "आली रं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "गप का? ह्या सरीला 'ए' न् 'अ‍ॅन' न् 'द' आसतंय न्हवं?"

मला वाटलं, कानच वाजतायत.

"फोड म्होरलं," म्हणाले. मी फोडलं. पाणी निघालं आणि पलीकडनं आबा ओरडू लागले. मोडकं, तोडकं, माझेच हेल, माझीच उदाहरणं. 'इफ'च्या मागं 'वील' न्हाय. 'नौ सूनर' आलं की 'धान' आणायचं. अर्थ एकाचाही माहीत नाही. क्रम मात्र चोख, एकही सरी मागं-पुढं नाही. पाण्याच्या वीसेक पाळ्या ऐकल्यात त्यांनी. मास्तर हे उच्चार ऐकतील तर खुर्चीतून खाली येतील. मला मात्र एकेक शब्द ओळखू येत होता, आणि आला की मागचा सगळा नियम उभा राहत होता. आई जेवण घेऊन आली होती. तिला घरी पिटाळून वही-पेन्सिल मागवली. आबा सांगत होते आणि मी पाटाच्या कडेला बसून लिहीत होतो. दोन दारं फुटली, पाणी वाया गेलं, आज आबा त्यावरून रागावले नाहीत.

बाविसावी झाली.

तेविसावीचं दार फोडलं. आबा गप्प. पाणी बिळात जिरत होतं. वेळ लागतो तिथं. मी मान वर करू शकलो नाही. त्यांनी सगळंच ऐकलंय. अडतीस नियम ऐकले, म्हणजे तेविसावीतलं माझं बोलणंही.

पाणी पोचल्यावर म्हणाले, "ही तुझी तूच जाण. म्होरलीला 'लेष्ट' हाय. त्याला 'शूड' लागतंय."

ते लिहून घेतलं.

१ मार्च

अडतीस वहीत आले. रोज सकाळी खोडव्यातून चक्कर मारून येतो. आता ऊस लागत नाही, आबांचा आवाज पुरतो.

त्यांच्याशी बोलायचं आहे. जमत नाही. "पेंड टाकली का बैलास्नी?" "व्हय, टाकली." एवढंच होतं.

९ मार्च

आज सायकलवर मास्तरांकडं मुक्कामाला आलो, उद्या पुढं निघणार. बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड, तिथून पुणं. मास्तरांचे शेवटचे हुकूम: आधी सगळा पेपर वाच. सोपं पहिलं. शेवटची दहा मिनिटं फक्त 'ए', 'अ‍ॅन', 'द' बघायला राख. पत्र पाठ केलेलंच लिहायचं. तिन्ही पत्रं म्हणवून घेतली. स्वल्पविरामासकट आली.

सकाळी घरून निघताना आबा पाटापर्यंत आले. मी वाकलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कापडं मळतील." आईनं गूळ बांधून दिलाय. आमचाच.

१३ मार्च, पुणे

इंग्रजीचा पेपर झाला. क्रमानं लिहितो.

व्याकरण: डोळे मिटले, पाणी सोडलं. प्रत्येक प्रश्नाला पलीकडून आवाज आला. एक तर थेट सतराव्या सरीतला. दोन राहिले, ते कुठल्याच सरीत नव्हते. पर्यवेक्षक दोनदा जवळ येऊन उभे राहिले, माझा हात हलत होता म्हणून.

भाषांतर: बरं.

पत्र: परीक्षा संपल्यावर तुम्ही काय करू इच्छिता, हे वडिलांना कळवा.

मास्तरांचंच पत्र. हुबेहूब! लेखणी टेकवली. 'प्रिय वडील' लिहिलं. पुढची ओळ तोंडात होती, आपल्या आशीर्वादाने प्रकृती उत्तम. लिहिता येईना. टोकाला उभे असलेले आबा दिसायला लागले, लहानसे, खोऱ्यावर रेललेले. त्यांना मी देशसेवेचं काय सांगू?

माझंच लिहिलं. डोकं चालवलं. दीड पान. खोडलं, परत लिहिलं. शेवटची दहा मिनिटं त्यातच गेली, 'ए', 'अ‍ॅन', 'द' बघायचे राहिले. चुका भरपूर असणार. काय लिहिलं ते इथं उतरवत नाही.

१८ मार्च

बारामतीला उतरून मास्तरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. "अरे गाढवा, हातातलं पत्र सोडून दिलंस? पंधरा ओळी लिहायच्या होत्या! परीक्षकाला तुझ्या बापाशी काय देणं-घेणं?" बरोबर आहे त्यांचं. तेवढ्यावरच नापास होईन कदाचित. मास्तरांच्या बायकोनं ताक दिलं. ते पिऊन सायकल हाणली.

घरी आबांनी विचारलं, "आलं का समदं?" मी म्हटलं, तुमी सांगितलेलं समदं आलं. ते बैलांकडं गेले. जाताना हसत होते असं आई म्हणते. मला पाठ दिसली.

२२ एप्रिल

उन्हाळा. कशात मन लागत नाही. खोडवा गुडघ्याला आलाय. कचेरीतून मास्तरांकडं विचारणा झाली, मुलाचं काय? मास्तरांनी निकाल लागू दे म्हणून सांगितलं.

पास झालो तर जाणार. हे अजून मनापासून आहे का मार्चपासून नुसती सवय उरलीय, तेच कळत नाही. नापास झालो तर इथंच राहणार, पण ते राहणं म्हणजे अडकून पडणं. पास होऊन राहिलो तर? असं कोण राहतं!

तेविसावीतलं बीळ बुजवावं म्हणून खोरं घेऊन गेलो. बुजवलं नाही.

३० मे

मास्तरांचा निरोप, निकाल आठवड्याभरात वर्तमानपत्रात येईल. आई देवापुढं. माझं अन्नावर लक्ष नाही.

आज पाणी होतं. खोडवा छातीइतका, वरून अजून दिसतं. आबा त्यांच्या टोकाला. सवयीनं मी म्हणायला लागलो आणि चुकलो की तिकडून सुधारायला लागले. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सायकल थांबवून ऐकत उभा. म्हणाला, "किसनराव, आबाबी बसलं व्हतं व्हय परीक्षेला?"

तेविसावीचं दार फोडलं आणि गप्प राहिलो.

पाणी बिळात जिरायला लागलं. पलीकडून आबा, "थांबलास का? म्हन की तुझं. पास झालास तर जायचंच हाय तुला. मला काय राग न्हाय त्येचा."

मी पेपरात लिहिलेल्या पत्राची पहिली ओळ इंग्रजीत ओरडलो.

आबा म्हणाले, "ही कंची? ही नवी हाय. ही मी ऐकल्याली न्हाय."

"पत्र हाय, आबा. परीक्षेत लिवलं. तुमाला."

"मला?" खोरं सोडून सरळ उभे राहिले. "काय लिवलंयस?"

मी खाली वाकलो. उगीचच दाराची माती चाचपली. मग विचारलं, "पाणी पोचलं का तिकडं?"

"न्हाय अजून," आबा म्हणाले. "सांग तवर."